दाराशी पडलेल्या माणसाचे नाव

२८ सप्टेंबर २०२५ हा रविवार होता. पूर्व दिल्लीतील ज्या चर्चमध्ये मी गेली अनेक वर्षे जातो, तेथे त्या सकाळी लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणूस आणि लाजर यांचा दाखला वाचला गेला. आमच्या धर्मगुरूंनी तो मुद्दाम निवडला नव्हता. कॅथलिक चर्चमध्ये रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र ठरलेले असते आणि त्या चक्रानुसार जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये त्या दिवशी हाच उतारा होता. आदल्या संध्याकाळी तमिळनाडूतील करूर येथे अभिनेते आणि आता राजकीय पक्षाचे प्रमुख असलेले विजय यांच्या सभेत चेंगराचेंगरी झाली होती. मृतांचा आकडा पुढे ४१ वर गेला. त्यांत लहान मुलेही होती. विजय नियोजित वेळेनंतर कित्येक तासांनी पोहोचले, असे पोलिसांचे म्हणणे होते. तोवर माणसे उन्हात, अन्नपाण्याविना, खेटून उभी होती.

त्याच रात्री दुबईत आशिया चषकाचा अंतिम सामना होता. भारताने पाकिस्तानला हरवले, भारतीय संघाने चषक स्वीकारण्यास नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी देशभर चर्चा झाली ती चषक कोणाच्या हातून घ्यायचा याची. करूरविषयी जी चर्चा उरली, तीही प्रामुख्याने विजय यांच्याविषयीच होती. त्यांच्या राजकारणाचे आता काय होणार? ते रुग्णालयात का गेले नाहीत? त्यांचा पक्ष निवडणुकीत टिकेल काय? प्रश्न गैर नव्हते. पण ४१ माणसे कोण होती, कोणत्या कामावरून उठून आली होती, त्यांच्यामागे घरी कोण उरले, हे कळायला स्थानिक वार्ताहरांची वृत्तपत्रे शोधावी लागली. दिल्लीत बसलेल्या माझ्यासारख्या वाचकापर्यंत एक नाव आणि एक आकडा तेवढा पोहोचला.

दाखला मराठी वाचकांना ठाऊक असेलच. एक श्रीमंत माणूस जांभळी, तलम वस्त्रे नेसून रोज मेजवान्या झोडतो. त्याच्या दाराशी फोडांनी भरलेला एक भिकारी पडून असतो. मेजावरून खाली पडलेले तुकडे मिळावेत एवढीच त्याची अपेक्षा. दोघेही मरतात. भिकारी अब्राहामाच्या उराशी जातो आणि श्रीमंत यातनांच्या ठिकाणी. या गोष्टीतल्या एका तपशिलाकडे लहानपणापासून माझे लक्ष कोणी वेधले नव्हते, ते त्या रविवारी गेले. येशूने सांगितलेल्या इतक्या दाखल्यांत एकाच पात्राला स्वतःचे नाव आहे, आणि ते पात्र हा भिकारी आहे. श्रीमंताला नाव नाही. ज्याच्या घरावरून येणारे-जाणारे त्याचे नाव घेत असतील, त्याला गोष्टीत नुसते ‘एक माणूस’ म्हटले आहे. पुढच्या पिढ्यांना हे सहन झाले नाही, हेही सांगण्यासारखे आहे. लॅटिन बायबलमध्ये ‘श्रीमंत’ या अर्थी आलेला ‘डिव्हेस’ हा साधा शब्द युरोपात हळूहळू त्याचे विशेषनाम होऊन बसला. बड्या माणसाला नाव नसावे, हे आपल्याच्याने पाहवत नाही.

राष्ट्रीय घडामोडींच्या स्तंभात हे प्रवचन कशासाठी, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे, की आपल्या देशातील दुःखाकडे होणाऱ्या दुर्लक्षाचा उलगडा ‘लोकांना दया उरली नाही’ या तक्रारीतून होत नाही. दया भरपूर आहे. प्रश्न नावांच्या वाटपाचा आहे. कोणाला नाव मिळते आणि कोणाच्या वाट्याला आकडा, किंवा तोही नाही, हे ठरवणाऱ्या यंत्रणा आपण उभ्या केल्या आहेत. त्यांतली एक नोएडाच्या स्टुडिओंमध्ये आहे, दुसरी केंद्र सरकारच्या मंत्रालयांमध्ये. दोन्ही एकमेकींना पूरक असे काम करतात.

मी मयूर विहारमध्ये राहतो. माझ्या घराच्या एका बाजूला, यमुनेच्या याच काठावर, नोएडाच्या सेक्टर १६ए मधील फिल्म सिटी आहे; देशातील कितीतरी हिंदी वृत्तवाहिन्या तेथून चालतात. दुसऱ्या बाजूला मंडावली आहे. जुलै २०१८ मध्ये मंडावलीतल्या एका खोलीत आठ, चार आणि दोन वर्षांच्या तीन बहिणी मृतावस्थेत आढळल्या. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना त्यांच्या पोटात अन्नाचा अंश सापडला नाही. वडील रिक्षा ओढत. कुटुंबाकडे शिधापत्रिका नव्हती. अन्नसुरक्षेचा कायदा येऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. काही दिवस राजकीय पक्षांचे नेते त्या गल्लीत येऊन गेले, चौकशीचे आदेश निघाले, केंद्र जबाबदार की राज्य यावर वाद झाला आणि विषय संपला.

त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, बुराडीत, एकाच घरात ११ जण मृतावस्थेत सापडले होते. ती घटना भयंकर होती, यात शंका नाही. तिच्यावर वाहिन्यांनी आठवडेच्या आठवडे घालवले. भिंतीतून बाहेर आलेले ११ पाइप मोजले गेले, रोजनिशीची पाने पडद्यावर वाचली गेली, तांत्रिकांना स्टुडिओत बोलावले गेले. २०२१ मध्ये त्यावर माहितीपटाची मालिकाही आली. बुराडीचे मृत्यू गूढ होते, मंडावलीच्या मृत्यूंमध्ये गूढ काहीच नव्हते. मुली उपाशी मेल्या होत्या. ज्या दुःखाचे कारण सर्वांना ठाऊक आहे, ते दुःख दाखवण्याजोगे उरत नाही. प्रसिद्धीच्या व्यवहाराचा हा नियम केवळ नटनट्यांना लागू होतो असे नाही. मृत्यूलाही लागू होतो.

याचा कळस मात्र २०२० मध्ये झाला. त्या वर्षीच्या मार्चअखेरीस आनंद विहारच्या बसतळावर जमलेली हजारो मजुरांची गर्दी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. डोक्यावर बोचकी, कडेवर मुले. पुढचे काही आठवडे, हे मान्य केले पाहिजे, वाहिन्यांनीही ती माणसे दाखवली. काही तरुण वार्ताहर त्यांच्यासोबत मैलोन्‌मैल चालले. १४ जूनला मुंबईत सुशांतसिंह राजपूत यांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर हळूहळू रस्ता पडद्यावरून नाहीसा झाला. ३१ ऑगस्टला जाहीर झाले, की एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन २३.९ टक्क्यांनी घसरले. ८ सप्टेंबरला रिया चक्रवर्ती यांना अटक झाली. त्या आठवड्यात फिल्म सिटीतून प्रक्षेपित होणाऱ्या कार्यक्रमांत या दोनपैकी कोणती बातमी अधिक दिसली, हे त्या काळी दूरचित्रवाणी पाहणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

१४ सप्टेंबर २०२० रोजी संसदेचे अधिवेशन सुरू झाले. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मरण पावले, असा लेखी प्रश्न लोकसभेत होता. श्रम मंत्रालयाचे उत्तर होते : अशी माहिती ठेवली जात नाही. मग त्यांच्या कुटुंबीयांना भरपाई दिली काय? माहितीच नसल्याने तो प्रश्न उद्‌भवत नाही. चार दिवसांनी रेल्वेमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले, की ९ सप्टेंबरपर्यंत श्रमिक विशेष गाड्यांतून प्रवास करताना ९७ जणांचा मृत्यू झाला.

‘माहिती नाही’ हे उत्तर वाचले तेव्हा मला राग आला होता. आज त्याकडे मी दाखल्याच्या प्रकाशात पाहतो तेव्हा त्यातले दुसरेच काही दिसते. दाखल्यातला श्रीमंत लाजराला हाकलून देत नाही, त्याच्यावर कुत्री सोडत नाही. तो दाराशी आहे हे त्याच्या ध्यानीही नाही, असे आपल्याला वाटते. पण मेल्यानंतर यातनांच्या ठिकाणाहून तो अब्राहामाला विनवतो, की लाजराला पाठव, त्याने बोटाचे टोक पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करावी. म्हणजे नाव त्याला ठाऊक होते! इतकी वर्षे दाराशी पडलेल्या माणसाचे नाव त्याला माहीत होते, आणि आता ते आठवते तेही त्याला कामाला धाडण्यासाठी. श्रमिक गाड्यांत बसण्यापूर्वी मजुरांना नावनोंदणी करावी लागत होती. राज्य सरकारे नावांच्या याद्या करीत होती. आधार क्रमांक, शिधापत्रिका, मतदार यादी या सर्वांमध्ये ही माणसे होती. ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक असलेले ध्यानात घ्यायचे नाही, असा तो निर्णय होता. आणि असा निर्णय घेणे सोपे जावे यासाठी देशाचे लक्ष अन्यत्र असावे लागते. ते होते.

वाहिन्यांना दोष देऊन हा विषय संपत नाही, तरी त्यांचा हिशेब थोडक्यात मांडला पाहिजे. राजपूत प्रकरणातील वृत्तांकनाबद्दल वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये काही वाहिन्यांना माफी मागायला लावली. त्याच महिन्यात प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे देणे थांबवले. ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांनी चालवलेल्या खटल्यांमुळे न्यायदानात अडथळा येतो, असे नमूद करून मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात सादर केला. ज्या तरुण नटाच्या नावाने हे सर्व झाले, त्याचे काय झाले? त्याची औषधे, त्याचे बँक खाते, त्याचे मन, त्याचे प्रेम हे सर्व महिनोन्‌महिने चघळले गेले. नाव सर्वांच्या तोंडी होते, माणूस कुठेच नव्हता. शुभवर्तमानाने श्रीमंताला नाव का दिले नसावे, याचे एक उत्तर येथे सापडते असे मला वाटते. प्रसिद्धी माणसाला उंचावर नेते ते त्याचे माणूसपण काढून घेऊन. म्हणून ख्रिस्ती दृष्टीतून पाहताना मी प्रसिद्ध व्यक्तींविषयी तिरस्कार बाळगू शकत नाही. तेही या व्यवहारात गिळले जातात, फक्त अधिक झगमगाटात.

हा व्यवहार नवा आहे असेही नाही, आणि दिल्लीला तर तो मुळीच नवा नाही. बुराडीजवळ कॉरोनेशन पार्क नावाचे एक उद्यान आहे. जुन्या ब्रिटिश राजपुरुषांचे पुतळे तेथे आणून ठेवले आहेत. याच परिसरात १ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लिटन यांनी दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले. संस्थानिक, हत्ती, तोफांच्या सलामी, मेजवान्या. त्याच वेळी सोलापूर-अहमदनगरपासून मद्रास-म्हैसूरपर्यंत दुष्काळ पसरला होता आणि लक्षावधी माणसे त्यात मेली. त्या दरबारात पुण्याची सार्वजनिक सभाही उपस्थित होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हाताने कातलेल्या सुताचा साधा पोशाख करून तेथे गेले आणि त्यांनी सभेचे मानपत्र सादर केले. पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते सभेने त्याच काळात आपल्या प्रांतात केलेले काम. सभेच्या माणसांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून दुष्काळाची माहिती गोळा केली : कोणत्या तालुक्यात पीक किती बुडाले, गुरे किती मेली, माणसे कुठे निघून गेली, मदतीच्या कामांवर मजुरी किती मिळते. ही वृत्ते एकापाठोपाठ एक मुंबई सरकारकडे धाडली गेली. आज आपण ज्याला आकडेवारी म्हणतो, ती त्या वृत्तांत करुणेचे एक रूप होती.

आणि पंडिता रमाबाई. १८९७ मध्ये त्या मध्य प्रांतातील दुष्काळी मुलखात गेल्या आणि तेथून शेकडो मुली व स्त्रियांना घेऊन आल्या; केडगावचा मुक्ती सदनाचा संसार त्यातून उभा राहिला. त्याच वर्षी पुण्यात प्लेग होता. आपल्या आश्रमातील एका मुलीचे प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत काय झाले, हा प्रश्न रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून जाहीरपणे विचारला. राणीच्या कारकिर्दीच्या हीरकमहोत्सवाचे ते वर्ष होते, आणि एका अनाथ मुलीविषयीचा तो प्रश्न ब्रिटिश संसदेपर्यंत गेला. गव्हर्नरांनी आरोप फेटाळले, ती गोष्ट वेगळी. हजारोंच्या साथीत एका मुलीचे काय झाले असे विचारणे, हाच रमाबाईंचा ख्रिस्ती धर्म होता, असे मी म्हणेन.

महाराष्ट्राच्या वाचकांना आणखी एक अलीकडचे उदाहरण स्मरत असेल. २००६ मध्ये मुंबईत एका मोठ्या फॅशन सप्ताहाचे वार्तांकन करायला ५०० हून अधिक पत्रकार नोंदले गेले होते, असे पी. साईनाथ यांनी लिहिले. त्या वेळी विदर्भात कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे सत्र सुरू होते आणि तेथे बाहेरून जाऊन ठाण मांडलेले पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. मुंबईतल्या मंचावर मिरवत होती ती सुती वस्त्रे.

येथवर मी इतरांविषयी लिहिले. चर्चविषयी लिहिल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ७ नोव्हेंबर १९९९ रोजी, दिवाळीच्या दिवशी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये मिस्सा साजरी केली. मी तेथे होतो. दुर्बिणी घेऊन आलेली कुटुंबे होती. पांढरा ठिपका दिसला की लोक मुलांना खांद्यावर उचलत. नऊ दिवसांपूर्वी, २९ ऑक्टोबरला, ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले होते. सुमारे १०,००० माणसे गेली. गावेच्या गावे पाण्याखाली होती. त्या मृतांसाठी तेव्हा प्रार्थना झाल्याही असतील. माझ्या स्मरणात राहिला आहे तो मात्र पांढरा ठिपका, आणि आपण त्याला किती जवळून पाहिले याविषयी घरी परतताना बसमध्ये झालेली चढाओढ. चमत्काराने रोग बरे करणाऱ्या प्रचारकांचे चेहरे आज उत्तर भारतातील महामार्गांवरच्या फलकांवर नटांच्या चेहऱ्यांइतकेच मोठे झाले आहेत. आमच्यातला एखादा खेळाडू किंवा गायक देशभर गाजला, की चर्चच्या पत्रिकेत त्याचे छायाचित्र पहिल्या पानावर येते. अंत्यविधीसाठी पैसे नाहीत म्हणून कोणी मदत मागितली, तर ती सूचना शेवटच्या पानावर, खाली.

इतर धर्मांचीही कथा निराळी नाही. २ जुलै २०२४ रोजी दिल्लीपासून फारशा दूर नसलेल्या हाथरस जिल्ह्यात एका प्रवचनकाराच्या सत्संगानंतर चेंगराचेंगरीत १२१ माणसे मरण पावली; बहुतेक स्त्रिया होत्या. प्रवचनकाराचा ताफा निघाला आणि त्याच्या पायाखालची धूळ घेण्यासाठी लोक धावले, असे तेव्हा सांगितले गेले. दहाच दिवसांनी मुंबईत देशातील सर्वांत श्रीमंत घरातले लग्न लागले आणि पाहुण्यांच्या यादीवर, कपड्यांवर, हारांवर पडदा व्यापला गेला.

पण करूरला किंवा हाथरसला गेलेल्या माणसांची चेष्टा करणे मला जमत नाही. शहाण्यासुरत्या वर्गात अशा प्रसंगी ‘लोक मूर्ख आहेत’ असा सूर लागतो. ज्या बाईला तिच्या आयुष्यात कोणत्याही कार्यालयाने, दवाखान्याने, बँकेने मान वर करून पाहिलेले नाही, ती एखाद्या मोटारीच्या काचेमागून आपल्याकडे हललेला हात आयुष्यभर सांभाळून ठेवते. तिला पाहायचे असते तितकेच पाहिले जायचेही असते. शुभवर्तमानातील गर्दी अशीच होती. येशू स्वतः त्याच्या प्रांतात प्रसिद्ध पुरुष होता; लोक छपरे उघडून त्याच्याजवळ येत. मार्कने सांगितलेल्या एका प्रसंगात तो याईर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याकडे निघाला आहे, त्याची मुलगी मरणाच्या दारी आहे, गर्दी चेंगरते आहे. एवढ्यात बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली एक स्त्री मागून त्याच्या वस्त्राला हात लावते. तो थांबतो. मला कोणी स्पर्श केला, असे विचारतो. शिष्य म्हणतात, एवढी गर्दी रेटते आहे आणि हे काय विचारता! तो अडून राहतो. बड्या माणसाकडे निघालेला ताफा एका अनोळखी बाईसाठी थांबतो. ती पुढे येऊन आपली सारी हकीकत सांगेपर्यंत थांबतो. येथे नाव याईरला आहे, बाईला नाही, हे मला मान्य आहे. पण येशू तिला ‘मुली’ म्हणतो.

ताफा थांबण्याचा धोरणातला अर्थ काय? त्याचे उत्तर मला दिल्लीतल्या गटारांपाशी दिसते. सप्टेंबर २०१८ मध्ये राजधानीत आठवडाभरात दोन घटना घडल्या. ९ तारखेला मोतीनगर भागातील एका उच्चभ्रू गृहसंकुलात सांडपाण्याच्या टाकीत उतरलेले पाच कामगार मेले. १४ तारखेला आणखी एक सफाई कामगार गटारात पडून मेला. दुसऱ्या घटनेतल्या कामगाराच्या मृतदेहाजवळ रडणाऱ्या मुलाचे छायाचित्र एका वार्ताहराने प्रसिद्ध केले, ते देशभर फिरले, चित्रपट कलावंतांनी ते पुढे पाठवले आणि काही दिवसांत ५० लाख रुपयांहून अधिक रक्कम जमली. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. मोतीनगरच्या पाच जणांचे असे कोणतेही छायाचित्र देशभर फिरले नाही. करुणासुद्धा आता प्रसिद्धीच्या रांगेत उभी राहते आणि ज्याचा चेहरा टिपला जातो त्याच्यापाशी थांबते. महात्मा गांधींचा तो सुप्रसिद्ध मंत्र, सर्वांत गरीब माणसाचा चेहरा आठवून पाहण्याचा, शाळेच्या पुस्तकांत छापला जातो. त्यात चेहरा आपण आठवायचा आहे. तो कॅमेऱ्याने आणून द्यायची वाट पाहायची नाही.

हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा. गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या वारसांना १० लाख रुपये द्यावेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला. १९९३ पासूनचे मृत शोधून काढा, असेही सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख झाली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने दिल्ली, मुंबईसह सहा महानगरांत माणसांकरवी गटारे साफ करून घेणे बंद करण्याचा आदेश दिला. तरी संसदेत सरकार वारंवार सांगते, की हाताने मैला साफ करताना कोणाचाही मृत्यू झालेला नाही. जे मेले ते ‘गटारे व सेप्टिक टाक्यांची धोकादायक सफाई’ करताना मेले. शब्दाचा हा बदल निरुपद्रवी नाही. एका नावाखाली शून्य आणि दुसऱ्या नावाखाली शेकडो, अशी सोय त्याने होते. मृतांची नावे, गावे आणि तारखा यांची चिकाटीने नोंद ठेवली ती सफाई कर्मचारी आंदोलनासारख्या संघटनांनी. १८७७ साली सार्वजनिक सभेने केले ते काम आज बेझवाडा विल्सन आणि त्यांचे सहकारी करीत आहेत.

ज्या महिन्यात आमच्या चर्चमध्ये लाजराचा दाखला वाचला गेला, त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या सार्वजनिक बांधकाम विभागाला पाच लाख रुपयांचा दंड केला. कारण असे, की खुद्द न्यायालयाच्या ‘एफ’ फाटकाबाहेर सुरक्षासाधनांविना माणसांकडून नाला साफ करवून घेतला जात होता, आणि त्यांत एक अल्पवयीन मुलगा होता. बंदीचा आदेश देणाऱ्या न्यायालयाच्याच दाराशी.

मला जे हवे आहे ते फार मोठे नाही. स्थलांतरित मजूर, गटारातले कामगार, भुकेने किंवा उष्म्याने मेलेली माणसे, गर्दीत चिरडलेली माणसे यांच्या प्रत्येक मृत्यूची नावानिशी नोंद जिल्हा पातळीवर ठरावीक मुदतीत जाहीर झाली पाहिजे, आणि ‘माहिती ठेवली जात नाही’ हे उत्तर संसदेत अग्राह्य ठरले पाहिजे. करूरच्या चौकशीचे काम १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयकडे सोपवले आहे. सभेला परवानगी देताना गर्दीच्या आकड्याबरोबर पाणी, बाहेर पडण्याच्या वाटा आणि प्रमुख पाहुण्याच्या येण्याची वेळ यांची जबाबदारी कोणाच्या सहीने ठरली, हे त्या चौकशीतून निघाले तरी पुष्कळ झाले. वाहिन्यांकडून मी फारशी आशा ठेवत नाही. त्यांच्या पदरात जाहिराती टाकणारे आपणच आहोत, आणि त्या रविवारी रात्री मीही सामना शेवटच्या षटकापर्यंत पाहिला.

आमच्या चर्चच्या फाटकापाशी दर रविवारी काही जण बसतात. त्यांतल्या एका वृद्धेला मी कित्येक वर्षे नाणी देत आलो आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मी तिला नाव विचारले. ते मी येथे लिहीत नाही. तिने ते सांगितले, माझे विचारले आणि मग, बहुधा मी थांबलो आहे असे पाहून, पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली शिधापत्रिका काढली. ती बिहारमधली होती. देशभर एकच शिधापत्रिका चालते आणि दिल्लीत ही योजना २०२१ पासून लागू आहे, हे मला ठाऊक होते. या स्तंभात मी तिचे कौतुकही केले होते. तिने अंगठा दाखवला. आयुष्यभर भांडी घासून त्यावरच्या रेषा पुसट झाल्या आहेत. दुकानातले यंत्र तो ओळखत नाही, आणि दुकानदार म्हणतो, पुढच्या महिन्यात या. आतापर्यंत आम्ही दोघे तीनदा गेलो आहोत.